हृदयाच्या झडपेला संसर्ग आणि त्यातच लकवा: ऑपरेशन लगेच करायचं की थांबायचं?

समजा, विश्रामबागेत राहणारा चाळिशीतला एक माणूस आहे. तीन आठवड्यांपासून त्याला ताप येतोय. आधी व्हायरल म्हणून गोळ्या झाल्या, मग टायफॉइड असेल म्हणून सलाइन आणि इंजेक्शनं झाली. औषध सुरू असेपर्यंत ताप उतरतो, बंद केलं की पुन्हा चढतो. वजन कमी झालंय, जिना चढताना दम लागतोय. आणि एका सकाळी चहाचा कप हातातून निसटतो, तोंड वाकडं होतं, बोलताना शब्द फुटत नाही.

घरच्यांना वाटतं लकवा झाला. ते बरोबरच असतं, पण अर्धंच. तपासणीत कळतं की दुखणं मेंदूत सुरू झालेलंच नाही. ते हृदयाच्या झडपेत सुरू झालं होतं आणि तिथून मेंदूत पोहोचलं.

हा माणूस काल्पनिक आहे, पण घटनांचा हा क्रम डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. या आजाराचं नाव इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस. यात डॉक्टरांसमोर आणि नातेवाइकांसमोर जो प्रश्न उभा राहतो तो वैद्यकातल्या अवघड प्रश्नांपैकी एक आहे. हृदय वाचवण्यासाठी ऑपरेशन हवं असतं आणि त्याच ऑपरेशनमुळे मेंदूला धोका होऊ शकतो. मग काय करायचं?

झडपेला संसर्ग म्हणजे काय?

हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेनं पुढे जावं, मागे फिरू नये, हे त्यांचं काम. निरोगी झडपेचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यामुळे रक्तात चुकून शिरलेले जंतू तिथे सहसा चिकटत नाहीत. पण झडप आधीच खराब असेल, जन्मजात दोष असेल किंवा कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर जंतूंना तिथे थारा मिळतो. काही जंतू मात्र इतके आक्रमक असतात की ते चांगल्या झडपेवरही हल्ला करतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध.

आपल्याकडे झडप खराब होण्याचं एक मोठं कारण म्हणजे लहानपणी घसादुखीनंतर येणारा सांध्यांचा ताप, म्हणजेच ऱ्हुमॅटिक फीव्हर. सांधे बरे होतात, ताप विसरला जातो, पण झडपेवर त्याचा व्रण राहतो. अनेकांना हे वीस-पंचवीस वर्षांनी कळतं.

चिकटलेले जंतू, रक्तातल्या प्लेटलेट आणि फायब्रिन नावाचं प्रथिन यांचा मिळून झडपेवर एक मऊ, लोंबकळणारा गोळा तयार होतो. डॉक्टर त्याला ‘व्हेजिटेशन’ म्हणतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो झडपेसोबत हलत राहतो. एकीकडे जंतू झडप कुरतडत असतात, दुसरीकडे या गोळ्याचे तुकडे सुटण्याची भीती असते.

हृदयातला तुकडा मेंदूत कसा जातो?

हृदयाच्या डाव्या बाजूला मायट्रल आणि एऑर्टिक या दोन झडपा आहेत. डाव्या बाजूतून निघालेलं रक्त साऱ्या शरीरात जातं आणि त्याचा मोठा वाटा मेंदूकडे जातो. त्यामुळे इथून सुटलेला तुकडा मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकू शकतो. तो प्लीहेत, मूत्रपिंडात किंवा पायातही जाऊ शकतो. उजव्या बाजूच्या झडपेवरचा तुकडा बहुतेक वेळा फुप्फुसात जातो.

मेंदूत पोहोचल्यावर मुख्यतः चार गोष्टी घडू शकतात:

- रक्तवाहिनी बंद पडून मेंदूचा काही भाग मरतो. हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार.
- मेंदूत रक्तस्राव होतो.
- रक्तवाहिनीची भिंत जंतूंमुळे कमजोर होऊन तिथे फुगा तयार होतो. याला मायकोटिक अ‍ॅन्युरिझम म्हणतात.
- मेंदूत पू साठतो किंवा मेंदूच्या आवरणाला सूज येते.

झडपेला संसर्ग झालेल्या साधारण 15 ते 30 टक्के रुग्णांमध्ये मेंदूच्या त्रासाची उघड लक्षणं दिसतात. सगळ्यांचा एमआरआय केला तर हे प्रमाण बरंच जास्त निघतं, कारण अनेकांच्या मेंदूत लहान लहान तुकडे जाऊन बसलेले असतात आणि त्यांना स्वतःला काहीच जाणवलेलं नसतं.

निदान इतकं उशिरा का होतं?

कारण सुरुवातीची लक्षणं कुणाचंही लक्ष वेधणारी नसतात. ताप, थकवा, भूक मंदावणं, रात्री घाम येणं. यातलं प्रत्येक लक्षण दहा साध्या आजारांतही असतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. हा आजार पकडण्याची मुख्य तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. रक्ताचे नमुने घेऊन त्यात कोणता जंतू वाढतो ते प्रयोगशाळेत पाहतात. यासाठी वेगवेगळ्या ठिकाणांहून, थोड्या थोड्या वेळानं, किमान तीन वेळा रक्त घेतात आणि ते अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी घ्यायचं असतं. आधीच दोन-तीन अँटिबायोटिक होऊन गेली असतील तर नमुन्यात जंतू वाढतच नाही. जंतू मेलेला नसतो, फक्त दबलेला असतो. मग कोणतं औषध नेमकं लागू पडेल हे अंदाजानं ठरवावं लागतं.

दुसरी तपासणी म्हणजे इकोकार्डिओग्राफी, ज्याला सगळे टूडी इको म्हणतात. छातीवरून केलेल्या इकोत लहान व्हेजिटेशन निसटू शकतं. म्हणून संशय दाट असेल तर अन्ननलिकेत नळी घालून इको करतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागे असल्यानं झडपा तिथून स्पष्ट दिसतात.

इतिहासातलं एक उदाहरण इथे बोलकं आहे. जगप्रसिद्ध संगीतकार गुस्ताव मालर 1911 मध्ये याच आजारानं गेले. त्यांची झडप आधीपासून खराब होती. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी त्यांच्या रक्ताचं कल्चर करून जंतूही शोधला होता. पण पेनिसिलिन यायला अजून तीन दशकं होती. तेव्हा निदान होत होतं, औषध नव्हतं. आज औषध आहे, पण कल्चर करायचं राहून जातं.

लकव्याचं नेहमीचं इंजेक्शन इथे का देत नाहीत?

लकवा झाल्यावर पहिल्या काही तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं तर रुग्ण बरा होऊ शकतो, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण झडपेच्या संसर्गामुळे झालेल्या लकव्यात हे इंजेक्शन धोक्याचं ठरतं. इथला तुकडा साध्या गुठळीसारखा नसतो, त्यात जंतू असतात. रक्तवाहिनीची भिंतही सुजलेली, कमजोर असते. अशा वेळी रक्त पातळ झालं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता खूप वाढते.

मोठी रक्तवाहिनी बंद पडली असेल तर काही निवडक रुग्णांमध्ये मांडीच्या धमनीतून तार नेऊन तो तुकडा बाहेर काढता येतो. बाहेर काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवला तर जंतूही सापडू शकतो.

म्हणून लकव्याच्या रुग्णाला आपत्कालीन विभागात आणल्यावर नातेवाइकांनी दोन गोष्टी न विचारताच सांगायला हव्यात: गेल्या काही आठवड्यांत ताप येत होता का, आणि हृदयाच्या झडपेचा काही आजार किंवा ऑपरेशन झालं आहे का. या दोन वाक्यांमुळे उपचारांची दिशा बदलू शकते.

ऑपरेशन कधी लागतं?

सगळ्यांना लागत नाही. अनेक रुग्ण चार ते सहा आठवड्यांच्या शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकनं बरे होतात. तरीही जवळपास निम्म्या रुग्णांना कधी ना कधी ऑपरेशनची गरज पडते. त्याची तीन मुख्य कारणं आहेत.

पहिलं, हृदय निकामी होणं. झडप फाटली किंवा तिला भोक पडलं तर रक्त मागे फिरतं, फुप्फुसात पाणी साठतं आणि दम लागतो. अँटिबायोटिक जंतू मारतं, पण फाटलेली झडप शिवत नाही.

दुसरं, आटोक्यात न येणारा संसर्ग. झडपेच्या मुळाशी पू साठला, योग्य औषध देऊनही ताप आणि रक्तातले जंतू गेले नाहीत, किंवा बुरशीचा संसर्ग असला तर औषध एकटं पुरत नाही.

तिसरं, तुकडे सुटण्याची भीती. व्हेजिटेशन 10 मिलिमीटरपेक्षा मोठं असेल आणि एक तुकडा आधीच सुटलेला असेल, तर दुसरा सुटण्याची वाट पाहणं धोक्याचं असतं. ही भीती पहिल्या एक-दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त असते. योग्य अँटिबायोटिक सुरू झाल्यावर ती झपाट्यानं कमी होते.

संसर्ग सुरू असताना झडप बदलता येते हे पूर्वी डॉक्टरांनाही पटत नव्हतं. जंतू असलेल्या जागी नवी झडप कशी टिकेल, हा प्रश्न होता. 1965 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी संसर्ग झालेली झडप काढून तिथे कृत्रिम झडप बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला आणि हा रस्ता खुला झाला. 2012 मध्ये दक्षिण कोरियातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. मोठं व्हेजिटेशन आणि खराब झडप असलेल्या 76 रुग्णांपैकी काहींचं ऑपरेशन 48 तासांत केलं, बाकीच्यांवर नेहमीचे उपचार केले. रुग्णालयात मृत्यू होणं किंवा सहा आठवड्यांत तुकडा सुटणं, यांचं एकत्रित प्रमाण लवकर ऑपरेशन झालेल्यांमध्ये 3 टक्के होतं, तर दुसऱ्या गटात 23 टक्के. मात्र मोठा लकवा झालेले रुग्ण या अभ्यासात घेतलेले नव्हते. म्हणजे ज्यांच्याबद्दल सगळ्यात मोठा पेच आहे, तेच यात नव्हते.

मग पेच नेमका कुठे आहे?

झडपेच्या ऑपरेशनसाठी हृदय थांबवावं लागतं. तेवढा वेळ रक्ताभिसरणाचं काम हार्ट-लंग मशीन करतं. या मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपरिन हे औषध मोठ्या मात्रेत द्यावं लागतं.

मेंदूत नुकतीच जखम झालेली असेल तर यातून दोन धोके उद्भवतात. हेपरिनमुळे मेंदूतल्या मेलेल्या भागात रक्तस्राव होऊ शकतो. आणि मशीनवर असताना रक्तदाब खाली गेला तर जखमेच्या कडेचा, अजून जिवंत असलेला मेंदूचा भागही दगावू शकतो.

म्हणून पूर्वी सरसकट सल्ला असायचा की लकवा झाला तर काही आठवडे थांबा. पण थांबण्यालाही किंमत आहे. त्या आठवड्यांत हृदय निकामी होऊन रुग्ण दगावू शकतो, किंवा दुसरा तुकडा सुटून उरलेला मेंदूही जाऊ शकतो.

आता डॉक्टर कसं ठरवतात?

गेल्या काही वर्षांत विचार बदलला आहे. ‘लकवा झाला का’ एवढ्यावर आता निर्णय होत नाही. ‘मेंदूत नेमकं काय झालं आहे’ हे पाहिलं जातं. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2023 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचं सार असं:

- लक्षणं थोड्या वेळात आपोआप गेली किंवा फक्त स्कॅनमध्येच लहान डाग दिसले, आणि ऑपरेशनची गरज आहे, तर ते लांबवू नये.
- रक्तवाहिनी बंद पडून लकवा झाला आहे, पण रुग्ण कोमात नाही, स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही आणि हृदय निकामी होणं, आटोक्यात न येणारा संसर्ग किंवा पुन्हा तुकडा सुटण्याची मोठी भीती यातलं एखादं कारण आहे, तर ऑपरेशन विनाविलंब करावं.
- मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर शक्य असल्यास एक महिन्याहून अधिक थांबावं. मात्र या काळात रुग्णाची आणि स्कॅनची तपासणी पुन्हा पुन्हा करावी.
- रक्तस्राव झाला आहे, पण हृदयाची अवस्था इतकी बिकट आहे की थांबणं शक्य नाही, तर रुग्णाचा मेंदू कितपत सावरेल याचा अंदाज घेऊन तातडीच्या ऑपरेशनचाही विचार करावा.

थोडक्यात, रक्तवाहिनी बंद पडणं आणि रक्तवाहिनी फुटणं या दोन अवस्थांचे रस्ते वेगळे आहेत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून ऑपरेशनपूर्वी डोक्याचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय अत्यावश्यक ठरतो.

मायकोटिक अ‍ॅन्युरिझमचा संशय असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी करतात. न फुटलेला लहान फुगा अँटिबायोटिकनं विरूनही जातो. फुटलेला किंवा मोठा होत चाललेला फुगा आधी बंद करावा लागतो, तारेच्या साहाय्यानं आतून किंवा कवटी उघडून. त्यानंतर हृदयाकडे वळतात.

हा निर्णय एका डॉक्टरचा नसतो. हृदयरोगतज्ज्ञ, हृदयशल्यविशारद, मेंदूविकारतज्ज्ञ, न्यूरोसर्जन, संसर्गरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी एकत्र बसून तो घ्यावा, अशी अपेक्षा आहे. ‘एंडोकार्डायटिस टीम’ असं त्याला म्हटलं जातं.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

छातीचं मधलं हाड उघडून, रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर घेऊन हृदय थांबवतात. व्हेजिटेशन आणि सडलेला भाग पूर्ण काढतात, पू असेल तर तो साफ करतात. झडपेचा पुरेसा भाग चांगला असेल तर ती दुरुस्त करतात, नाहीतर बदलतात. काढलेली झडप प्रयोगशाळेत जाते, कारण रक्तात न सापडलेला जंतू तिथे सापडू शकतो.

नवी झडप दोन प्रकारची असते. धातू-कार्बनसारख्या पदार्थांची यांत्रिक झडप वर्षानुवर्षं टिकते, पण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. भारतातही अशी झडप तयार होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली चित्रा झडप 1990 मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. दुसरा प्रकार प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेचा. तिला जन्मभर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सहसा लागत नाहीत, पण काही वर्षांनी ती झिजते आणि तरुण रुग्णांमध्ये लवकर झिजते. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णासाठी ही निवड फार विचारपूर्वक करावी लागते.

ऑपरेशन झालं म्हणजे उपचार संपले असं नाही. अँटिबायोटिक ठरलेल्या आठवड्यांपर्यंत चालूच राहतं. लकव्यासाठी फिजिओथेरपी आणि वाचा गेली असेल तर स्पीच थेरपी शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागते.

सांगली-मिरज पट्ट्यातल्या रुग्णाला याचा काय उपयोग?

विश्रामबाग हे सांगली आणि मिरज यांच्या मधलं उपनगर. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं, 1962 मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि हा सगळा पट्टा उपचारांसाठी ओळखला जाऊ लागला. जत, कवठेमहांकाळपासून ते कर्नाटकातल्या अथणीपर्यंतचे रुग्ण इथे येतात. अडचण बहुतेकदा डॉक्टर न मिळण्याची नसते. रुग्ण योग्य ठिकाणी वेळेत न पोहोचणं, ही खरी अडचण असते.

रुग्ण ज्या रुग्णालयात आहे तिथे हे प्रश्न विचारायला संकोच करू नये:

- अँटिबायोटिकपूर्वी ब्लड कल्चर झालं का? त्यात काय आलं?
- मेंदूत रक्तवाहिनी बंद पडली आहे की रक्तस्राव आहे?
- ऑपरेशनची गरज आहे का? असेल तर काही तासांत, काही दिवसांत की नंतर?
- हृदयशल्यविशारद आणि न्यूरोसर्जन दोघंही इथे आहेत का? नसतील तर हलवायचं कधी आणि कुठे?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. प्रकृती पूर्ण ढासळल्यावर अ‍ॅम्ब्युलन्सनं कोल्हापूर किंवा पुणं गाठण्यापेक्षा रुग्ण स्थिर असतानाच हलवणं सुरक्षित असतं. खर्चाच्या बाबतीत, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन भेटावं.

हे टाळता येतं का?

बऱ्याच प्रमाणात येतं. दात आणि हिरड्या स्वच्छ ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, कारण झडपेवर बसणारे अनेक जंतू तोंडातूनच रक्तात शिरतात. कृत्रिम झडप असलेल्यांनी, हा आजार आधी होऊन गेलेल्यांनी आणि काही जन्मजात हृदयदोष असलेल्यांनी दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून अँटिबायोटिकचा एक डोस घ्यायचा असतो. सांध्यांचा ताप येऊन गेलेल्या मुलांना डॉक्टरांनी लावून दिलेली पेनिसिलिनची इंजेक्शनं मध्येच बंद करू नयेत.

आणि झडपेचा आजार असलेल्या माणसाला आठवडाभराहून जास्त ताप राहिला, तर मेडिकलमधून पुन्हा एक अँटिबायोटिक आणण्याऐवजी आधी ब्लड कल्चर आणि इकोबद्दल डॉक्टरांना विचारावं. सुरुवातीला सांगितलेल्या त्या माणसाच्या हातात हे तीन आठवडे होते. चहाचा कप निसटल्यावर निर्णयासाठी तास आणि दिवसच उरतात.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाच्या उपचारांचा निर्णय त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावा.)